बाजूच्या बटनाची बॅटरी

२ डिसेंबर २००७, रविवार
गोपालचा फोन आला. नत्थुजीच्या मोबाईलवर. नत्थुजी म्हणजे आमच्या वावराच्या धुऱ्यापलीकडचा, बांधाले बांध लागून. फोन माह्या कानाले अन् त्याचा कान फोनले. गोपाल अकोल्याले दालमिलीत आहे. म्हणे, माय, यंदाचा गहू तुमच्या दोघींच्यानं पाणी देऊन ओलून झाला तं ठीक. नाहीतं संक्रांतीले येतो अन् वावर नत्थुजीले ठेक्यानं देऊन टाकतो. तुमी दोघी इकडे खोलीवर चला.
त्याची खोली मी पाहिली आहे. एका बाजीवर बसलं की चारही भिंतीले हात लागते. तिथं मी दिवसभर काय करू, भिंती मोजू?
नत्थुजी लगेच म्हणे, वहिनी, मी काही वावर मागितलं नाही बरं. मी म्हटलं, तुमी मागत कुठं काय, तुमी फक्त उभे राहता.
या महिन्यात विहिरीवरच्या मोटारीची लाईन रात्रीचीच. बारा वाजता येते, सहाले जाते. सून प्राजक्ता परतवाड्याची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. रात्रीचं वावर तिनं पाहिलंच नाही. मले काय, चाळीस वर्सं तुडवलं, अंधारात चालीन. तिच्यासाठी बॅटरी पाहिजे. घरची पितळी तीन सेलची आहे, तिचं बटन दाबता दाबता माहं नख गेलं.
ठरलं. नवी घ्यायची. बटन बाजूले. स्वस्त. उद्याच.

४ डिसेंबर
काल गेली नाही. गुडघा. आज अकोटले गेली, शफीकच्या दुकानात.
त्यानं सहा बॅटऱ्या मांडल्या. एकीचं बटन बुडाले. ती मुसळासारखी धरा लागते, दुसऱ्या हातात पावडं असलं मंग काय पायानं दाबू? दुसरी मुंडकं पिळून लागते, तिले दोन हात पाहिजे. तिसरी बाजूच्या बटनाची, पण चार्जिंगची. मी म्हटलं, घरची लाईन दिवसातून सात घंटे, तेही तिच्या मनानं, तुही बॅटरी काय हवा खाईन?
शफीक म्हणे, मावशी, कोणाले पाहिजे? मी म्हटलं, सुनेले, नवशिकी आहे. म्हणे, मंग तिलेच आणा, तिच्या हातात कोणती बसते ते पाहू. मी म्हटलं, बाबू, सून घेताना तिले विचारलं नव्हतं, बॅटरी घेताना काय विचारू.
शेवटी पिवळी प्लास्टिकची घेतली, दोन सेलची. बटन बाजूले, अंगठा आपोआप पडते. साठ रुपये. लावून भिंतीवर मारली तं काही दिसे ना. शफीक म्हणे, मावशी, भर दुपार आहे. मंग मले पंख्याच्या रिकाम्या खोक्यात मुंडकं घालून पाह्यला लावलं. खोक्यातही मंदच. तो म्हणे, याहून तेज दुकानात नाही. गिऱ्हाईक सारं माह्याकडे पाहून राहिलं होतं. घेतली.

५ डिसेंबर, रात्रीचे दोन
बॅटरी फसवी निघाली. उजेड आहे का धूर आहे समजत नाही. प्राजक्ता म्हणे, आई, चांगली तं आहे, विहिरीपर्यंत जाते. तिले काय समजते. परतवाड्याले रस्त्यावर खांब असतात, त्यायले उजेड कशाले म्हणतात माहीत नाही.
आजचं पाणी झालं. मी सांगितलं, तिनं केलं. मोटार कुठं, पाण्याचा दांड कुठं, दांडाचं तोंड कोणत्या वाफ्याकडे फोडायचं, सारं एका रात्रीत शिकवलं. पोरगी मुकाट्यानं शिकते, एवढा गुण आहे.

९ डिसेंबर
सेल काढून छतावर उन्हात ठेवले, मुंगवड्यांच्या बाजूले. उन्हानं सेल भरतात, हे गोपालच्या बापानं शिकवलेलं. दिवसभर कावळे हाकलले. सांजच्याले लावून पाहिली. तशीच. वड्या मात्र चांगल्या वाळल्या.
प्राजक्तानं नवे सेल आणले. तशीच. म्हणजे सेलचा दोष नाही, बॅटरीचाच.

११ डिसेंबर
शफीककडे भांडून बदलून आणली. आता वीस रुपये वरून देऊन बारीक बारीक दिव्यांची, पांढऱ्या उजेडाची. बटन बाजूलेच, रबराचं. हिचा उजेड तेज आहे, मान्य. पण भोवती खळं पडते, चंद्राले पडते तसं. काही दिसायच्या आधी खळंच दिसते.
येताना यष्टीच्या दिव्यालेही खळं. नत्थुजीच्या ओसरीतल्या बल्बालेही. आजकाल सारा मालच तसा येऊन राहिला. कोणाले तक्रार करावी.

१४ डिसेंबर
दांडात पडली. काही नाही, दांडच सरकला आहे. पावसाळ्यात माती वाहते, दांड सरकतो. प्राजक्ताले म्हटलं, उद्या दांड नीट करून घे. ती म्हणे, आई, दांड तिथंच आहे. मी म्हटलं, तुले दोन वर्सं झाले येऊन अन् तू मले दांड सांगतं.
तिनं हात धरून घरी आणलं. मीच धरू दिला. तिले अंधाराचं भेव वाटू नये म्हणून.

२१ डिसेंबर
उद्याचं पाणी मोठं. गव्हाचे खालचे पानं पिवळे पडले म्हणे. हे पाणी चुकलं तं गहू गेला, गहू गेला तं वावर गेलं, अन् मी अकोल्याच्या त्या खोलीत. झोप लागत नाही. देवापुढे बसली, पण डोक्यात बॅटरीच.
ठरलं. उद्या पावडं माह्या हातात. प्राजक्ता मोटारीजवळ बसन, लाईन गेली तं स्टार्टर पाहीन. शिकवणं पुरे झालं, आता करून दाखवा लागते.

२२ डिसेंबर, पहाटे पाच
झालं. एकटीनं केलं. दांडाचं तोंड फोडलं, पाणी खळखळ गेलं, रातभर आवाज ऐकत धुऱ्यावर बसली. बॅटरीची गरजच पडली नाही. गोपालले सांगीन, तुही माय अजून चार माणसाले भारी आहे.

२२ डिसेंबर, दुपार
पाणी नत्थुजीच्या हरभऱ्यात गेलं.
सारी रात. दांडाचं तोंड उजव्या अंगाले फोडायचं, ते डाव्या अंगाले फुटलं. त्याचा हरभरा फुलावर होता, घोट्याइतक्या पाण्यात उभा आहे. आमचा गहू कोरडा ठक्क.
ही बॅटरी एका अंगाले उजेड फेकते. माणूस फसतेच.

२४ डिसेंबर
हरभरा पिवळा पडून राहिला. नत्थुजी ओसरीत येऊन बसला. बायकोले, आशाबाईले, सोबत घेऊन आला म्हणजे मोठं बोलायचं होतं. म्हणे, वहिनी, वैर होतं तं तोंडावर सांगायचं, पिकावर काहून काढलं? मी म्हटलं, वैर असतं तं तुमाले फुकटचं पाणी कशाले पाजलं असतं. आशाबाई म्हणे, पाहा, हे असं बोलते.
प्राजक्ता मधात आली अन् त्यायच्या पाया पडली. मले राग आला. मंग ती त्या दोघांसोबत वावरात गेली, सांजपर्यंत तिथंच. पाणी काढायले चऱ्या खांदत होती म्हणे. माह्या घरची सून, दुसऱ्याच्या वावरात.
गोपालले आशाबाईनं फोन केला. म्हणजे आता सारं अकोल्याले माहीत.

२६ डिसेंबर
शफीककडे. दुसरी दाखव म्हटलं, आता शेवटची. त्यानं दोन्ही हातात दोन धरल्या, दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. म्हणे, मावशी, यातली तेज कोणती? मी नीट पाहिलं. म्हटलं, डाव्या हाताची.
त्यानं दोन्ही बॅटऱ्या खाली ठेवल्या. मंग म्हणे, मावशी, एकही लावली नाही.
असा माणूस. गिऱ्हाईकाची परीक्षा घेते. मी म्हटलं, डाव्या हाताची तेज असन, लावल्यावर. तो म्हणे, अकोल्याले फुकट शिबिर आहे, माह्या अम्मीचा मोतीबिंदू तिथंच काढला. म्हणे, अम्मी आता सुईत धागा ओवते अन् माह्या चुका काढते. मी म्हटलं, तुह्या चुका आंधळीलेही दिसतीन.
बॅटरी घेतली नाही. त्यानं आधीच्या बॅटरीचे पैसेही परत दिले. दुकानदार पैसे परत देते म्हणजे काहीतरी वाईट आहे. रस्ताभर तेच डोक्यात.

२८ डिसेंबर
सकाळी एक डोळा झाकून पाहिला. मंग दुसरा.
धुकं फार पडून राहिलं यंदा.

२ जानेवारी २००८
नवी व्यवस्था. मी वावरातल्या खोपीत बाजीवर बसते, कारभार पाहते. प्राजक्ता पाणी फिरवते, त्या रातचं चुकलेलंही तिनंच मागून दिलं. घंट्या घंट्यानं मी विचारते, कितवा वाफा? ती वावरातून ओरडते, आठवा. दहावा. सारं माह्या हुकमानं चालू आहे. हाडं फोडणारी थंडी घोंगडीत शिरते, पण जागेवरून हलत नाही.
मधात एकदा मी विचारलं नाही तरी तिनंच सांगितलं, आई, बारावा. म्हणजे धाक आहे.

१३ जानेवारी, रविवार
गोपाल आला. तीळगूळ आणला, अन् ठेक्याचा कागदही. मी रातभर बोलायचं पाठ करून ठेवलं होतं. बॅटरीचा दोष, दांडाचा दोष, लाईनीचा दोष, सारं ओळीनं.
कोणी विचारलंच नाही. तो थेट वावरात गेला. प्राजक्ता पुढे, तो मागं, नत्थुजी धुऱ्यावर. मी खोपीत बसून आवाज ऐकत होती. गहू मांडीले लागून राहिला म्हणे. गोपाल म्हणे, हे कोणं ओललं? मी खोपीतून म्हटलं, मीनं. कोणी हसलंही नाही.

१४ जानेवारी
बैठक झाली ओसरीत. गोपालनं कागद काढला. नत्थुजी म्हणे, ठेवून दे बाबू. तुह्या बायकोनं माह्या हरभऱ्यातलं पाणी काढलं, अर्धा वाचला. ती हे वावर माह्याहून चांगलं करते. मले ठेका नको. भरपाईही नको. माही एकच गोष्ट आहे. बुढी दिवस बुडाल्यावर वावरात पाय ठेवणार नाही.
गोपाल म्हणे, कबूल. आशाबाई म्हणे, कबूल. मी तिथंच बसली होती. चहाही माह्याच चुलीवरचा.
मी म्हटलं, अन् या पोरीले अंधारात रस्ता कोण दाखवन?
प्राजक्ता म्हणे, आई, मी बॅटरी लावतच नाही. लावली की तेवढाच गोल दिसते, बाकी वावर काळं होते. ओल पायाले समजते. मी म्हटलं, मंग इतके सेल जाळले ते कोणासाठी? ती कप उचलत होती. म्हणे, तुमी मागून येत होत्या ना.
मी माहा कप तिच्याकडे सरकवला.
गुरवारी सकाळच्या यष्टीनं अकोल्याले, शफीकच्या अम्मीच्या त्या शिबिरात. डॉक्टर उजवा डोळा आधी करतो म्हणे. मी म्हटलं, डावा. गोपालनं उजवाच लिहून घेतला.