बत्तीस मिनिटांचा संशयास्पद फोन

तीर्थरूप मावशीस,

तुझे गुडघे दुखतात असे कळल्यामुळे पायांना हात न लावता लांबूनच नमस्कार. तुझा रक्तदाब आणि काकांचा खोकला कसा आहे ते सविस्तर कळव. इकडे सर्व उत्तम आहे आणि तीच माझी तक्रार आहे.

तू त्या ऑफिसातून ज्या बाई लावून दिल्यास (वृद्धांची काळजी आणि त्यांचे पैशांचे व्यवहार, दोन्ही एकाच माणसाकडे, मला शाळेत एक विषयही धड झेपला नाही), त्या आल्यापासून आजोबा वेळेवर गोळ्या घेतात, विजेचे बिल मुदतीत भरले जाते आणि गादीखालची बँकेची पत्रे निळ्या फाईलमध्ये तारखेप्रमाणे लागली आहेत. चार वर्षे ही कामे मी करत होतो. गोळ्यांसाठी मी सात काड्यापेट्या चिकटवून त्यांवर वार लिहिले होते. बाईंनी झाकणांचा डबा आणला. गुरुवारची गोळी एकदा पायपुसण्यात सापडली हे मान्य, पण अक्षर कोणाचे चांगले होते? आजोबा मला 'सेक्रेटरी' म्हणायचे. आता बाईंना 'साहेब' म्हणतात आणि मला 'अरे, जरा सरक' म्हणतात.

मी त्यांच्या चुका शोधू लागलो, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्यांच्या नोंदवहीत 'पूर्ववत' मधला पू ऱ्हस्व होता. मी पेन्सिलीने दीर्घ केला. त्यांनी आभार मानले. अशा माणसाशी भांडण तरी कुठून सुरू करावे? शिवाय सही घेण्याआधी त्या आजोबांना अख्खा कागद वाचून दाखवतात आणि "पैसे तुमचे, तुम्ही ठरवा" म्हणतात. मी आपला कागद अंगठ्याने दाबून धरून "इथे करा" म्हणत असे. आजोबांनी ठरवले आणि आरामखुर्ची घेतली, जिला मी दोन वर्षे नको म्हणत होतो. (खुर्ची चांगली आहे. ते अंघोळीला गेले की मी बसून पाहतो.)

मग मला एक युक्ती सुचली. फोनवर कोणी बँकेतून बोलतोय म्हणाले तर कार्डाचा नंबर द्यायचा नाही, असे बाई आजोबांना रोज शिकवत होत्या. म्हटले, परीक्षा घ्यावी. आजोबा नापास तर बाईही नापास. परवा दुपारी इस्त्रीचे शर्ट बाजूला ठेवून मी आमच्या लाँड्रीतून, तोंडावर ओला पंचा धरून, फोन लावला. "बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड बंद होणार आहे."

"होऊ द्या," आजोबा म्हणाले. "तुम्हाला वेळ आहे ना, मॅनेजर? बसा."

मावशी, ते बत्तीस मिनिटे बोलले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे तेव्हाच्या गोष्टी, आजी एकदा लिफ्टमध्ये अडकली आणि तिने तिथेच स्वेटरची बाही विणून संपवली ती गोष्ट. (मला यातले काहीच ठाऊक नव्हते. तुला होते का?) मग म्हणाले, "घरात एक नातू आहे. हल्ली तोंड फुगवून असतो." मी पंचा आणखी घट्ट धरून विचारले, पैशांच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास आहे का?

"छे हो! त्याच्या कारभारात दोनदा वीज कापली. पण पेपर मात्र त्यानेच वाचावा. बाई नुसत्या बातम्या वाचतात. हा पाण्याच्या पंपाची जाहिरातसुद्धा सोडत नाही."

मला भरून आले, पण परीक्षा म्हणजे परीक्षा. मी कार्डाचा नंबर मागितला. आजोबांनी सोळा आकडे सांगितले, मी पावतीच्या मागे उतरवून घेतले. मनात म्हटले, बाई संपल्या! मग नीट पाहिले. पहिले दहा आकडे आमच्या लाँड्रीच्या फोनचे होते आणि उरलेले सहा आपल्या पिनकोडचे. (लाँड्रीचा नंबर आजोबांच्या फोनमध्ये मीच मोठ्या अक्षरांत भरून ठेवला होता.)

आजोबा फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे बाई स्वयंपाकघरातून सगळे ऐकत होत्या. कार्डाचा नंबर कोणी मागितला तर घरच्यांना कळवायचे, हा त्यांच्या ऑफिसचा नियम. मी घरी पोचलो तेव्हा त्या पेन उघडून बसल्या होत्या. "तुमचं नाव लिहावं लागेल हो," म्हणाल्या आणि मला पाणी दिले. एक तारखेला त्यांचा अहवाल तुला मिळेल. त्यात 'सदर व्यक्तीस व्यवहारापासून व शक्यतो घरापासून दूर ठेवावे' असे एक छापील वाक्य असते. त्यापुढे त्यांनी खूण केली आहे का, ते मला दिसू दिले नाही. तो अहवाल वाचण्याआधी हे पत्र वाच आणि काय ते एकदाच ठरव. या घरात एक तर त्या राहतील, नाही तर मी.

तुझा (अजून तरी याच पत्त्यावर असलेला)
भाचा

ता. क. : शेवटचे वाक्य रागात लिहिले. बाईंना काढू नकोस. विजेच्या बिलाच्या रांगेत मला पुन्हा उभे राहायचे नाही.

आणखी ता. क. : खरे काम राहिलेच. मॅनेजरचा फोन पुन्हा कधी येणार, असे आजोबा कालपासून तीनदा विचारत आहेत. मी म्हटले, मी समोरच बसलोय, मला सांगा. तर म्हणाले, "तुला काय सांगायचं? तू घरचा." लाँड्री बुधवारी बंद असते, किल्ली माझ्याकडे असते आणि मालक बघायला नसतात. पण बुधवारी मी घरी म्हणून बाई येत नाहीत, आणि आजोबांना एकटे सोडून मी फोन करायला जाणार कसा? तरी बाईंना बुधवारी एक तास वाढवून दे. त्याचा फॉर्म सोबत आहे, फक्त सही कर. तो बाईंनी भरला आहे. मी मागायच्या आधीच. (बघ, यातही त्याच पुढे.)