ऑर्व्हलची अस्सल बदकशिट्टी

७ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. तेवढ्या लायकीचा माणूस अख्ख्या आर्कान्सात भेटलेला नाही.
संकल्प: शिकारीचा सीझन उघडायच्या आत लेथवर अस्सल लाकडी बदकशिट्टी करणे. काम सोपं. बाहेरची नळी, तिच्यात बसणारं बूच, बुचावर एक पातळ पत्ती. पत्ती थरथरते, बदकाला वाटतं खाली बदकीण बोलावतेय. उतरतं. डॉइल (बायकोचा भाऊ, माझं नशीब) प्लास्टिकची वाजवतो. प्लास्टिक! कंगव्याच्या जातीची वस्तू.

९ नोव्हेंबर, सकाळी
कुंपणाचा बोडार्कच्या टणक लाकडाचा जुना खांब कापला. ठोकळा लेथवर चढवला. फुटला. अर्धा खिडकीतून बाहेर गेला. हल्ली लाकडातही दम राहिलेला नाही.

१२ नोव्हेंबर
नळी झाली. भोक किंचित तिरकं. मुद्दाम नाही, पण आवाजाला वळण येईल. बूच सैल होतं, दोरा गुंडाळून बसवलं. थोर कारागीर दोरा वापरत असणारच.

१५ नोव्हेंबर, दुपारी
फुंकली. अप्रतिम! लॅव्होन धावत आली. अहो, हात अडकला का लेथमध्ये, म्हणे. म्हटलं, हे बदक आहे. तर म्हणाली, मग काय होतंय त्याला? तीस वर्षं संसार करून बाईला कलेतलं एवढं कळतं.
वर पुन्हा तेच: कान तपासून घ्या. चाळीस वर्षं बंदूक आणि लेथ ऐकून तयार झालेले कान आहेत. लोकच हल्ली पुटपुटतात.

२२ नोव्हेंबर
सीझन उघडला. भातखाचरात पाणी, पाण्यालगत आमचा लपायचा खड्डा. चार जागा, डावा कोपरा माझा. बदकांचा थवा आला, वळला, उतरायला पाय सोडले. मी फुंकली. थवा थेट मिसिसिपीच्या दिशेने. बदकांचं चुकलं. डॉइलचं कुत्रं, बिस्किट, तोंड वर करून रडायला लागलं. जसा मालक तसं कुत्रं.
डॉइल म्हणाला, दाजी, अजून दोन शनिवार बघतो. नाहीतर तुमची जागा मेम्फिसच्या दाताच्या डॉक्टरला. तो म्हणे काहीच वाजवत नाही, नुसता सँडविच खातो.
जमीन आता डॉइलची आहे हे खरं. पण तो खड्डा माझ्या बापाने खणलाय. तेवीस वर्षं मी त्या कोपऱ्यात बसतोय. हिवाळ्यात दुसरीकडे कुठे बसतात, मला खरंच माहीत नाही.

२५ नोव्हेंबर
अक्रोडाचं नवं बूच. पत्ती घासून पातळ केली. आता आवाज दोन मैल जाईल.

२९ नोव्हेंबर
दोन मैलांत एकही बदक राहिलं नाही. वारा उलटा होता. डॉइल परत येताना अवाक्षर बोलला नाही. बोलला असेल तर पुटपुटला.

५ डिसेंबर, संध्याकाळी
उद्या शेवटचा शनिवार. जेवण गेलं नाही. लॅव्होनने कॅटफिश तळला होता तरी. मग स्वतःहून म्हणाली, आणा ती शिट्टी, तेलाचा हात फिरवते. शेवटी बाईला कदर आली म्हणायची.

६ डिसेंबर
विजय! नऊ बदकं! थवे घिरट्या घालून माझ्यासमोर उतरले. तेल मुरल्यामुळे शिट्टी इतकी मऊ झालीय की फुंकताना ओठांना गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. शेजारी डॉइल आपलं प्लास्टिक वाजवत होता बिचारा. त्याच्याकडे कोण बघतंय! बिस्किट गप्प. श्वानालाही अक्कल येते.
डॉइलने पाठ थोपटली. दाजी, कोपरा तुमचा, म्हणाला. फक्त हीच शिट्टी आणायची, हिला हात लावायचा नाही. मेहुणा मूर्ख आहे, पण आडमुठा नाही.

७ डिसेंबर
संकल्प: अशाच बारा करणे. डॉइलला एक देईन. रडला तर.

९ डिसेंबर, सकाळी
माप घ्यायला शिट्टी उघडली. आत पत्ती नाही.
लेथखाली शोधली. भुशात शोधली. लॅव्होनच्या शिवणाच्या डब्यात सापडली, बटणांमध्ये.
विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, शुक्रवारीच काढली. डॉइललाही ठाऊक आहे. तुमची जागा गेली असती, तर तुम्ही हिवाळाभर इथे माझ्यासमोर बसला असता, म्हणाली. मग सुईत दोरा ओवत म्हणाली, आणि मला ते बघवलं नसतं.
हे मात्र पुटपुटली नाही. स्वच्छ ऐकू आलं.
यावर खरमरीत उत्तर होतं माझ्याकडे. आठवलं की लिहीन.

१२ डिसेंबर
उद्या शनिवार. बूट, थर्मास, शिट्टी दाराशी ठेवली. पत्ती बटणांतच राहू दिली. डबा बंद केला. झाकणाचा आवाज झाला असावा.