एकवीस मणी

आई, आज दुकानात कॉलेजची एक मुलगी आली होती. भिंतीवरच्या फ्रेममधल्या कागदाचा फोटो तिला प्रोजेक्टमध्ये घालायचाय. उद्या ये म्हणालो, आणि आता तुला लिहायला बसलोय.

कागद तुझ्या ओळखीचा आहे. किल्लारीच्या भूकंपाचा. त्या वर्षांत बाहेरच्या कंपन्यांचे रंगीत टीव्ही यायला लागले होते आणि माझ्या गौलीगुड्याच्या दुकानात जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेयर बेवारशी पडून होते. त्यांतूनच मी भूकंपमापक बांधला. स्पीकरचं लोहचुंबक, ट्रान्सफॉर्मरची तार, रेकॉर्ड प्लेयरच्या मोटरीवर फिरणारा डबा, त्यावर कागद आणि लेखणी. चिक्कडपल्लीच्या घरात जिन्याखालची फरशी उखडून लंबक थेट खडकावर बसवला. फरशी परत कोण बसवणार, एवढंच तू विचारलंस. कागद मिनिटाला बरोबर साठ मिलिमीटर सरकायचा. दहावीत शाळा सुटलेला माणूस हे करू शकतो, हे मला शिकलेल्या लोकांना दाखवायचं होतं.

त्या पहाटे घर हललं. उजाडल्यावर पाहिलं तर कागदावर एक मोठी लाट उमटलेली. शेजारी जमले, दुकानाशेजारचे घड्याळवाले चाचा तर सायकल मारत आले. "क्या उस्ताद, जलजला पकड़ लिए कते?" भूकंप पकडला म्हणे, म्हणून मी फुशारलेला. तेवढ्यात तू चहाचा ट्रे घेऊन आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस की धक्के दोन होते. तू जपाला बसली होतीस. मेरुमणी नुकताच सोडला आणि फडताळातली भांडी किणकिणली. पुढे घर झुललं तेव्हा अंगठा एकविसाव्या मण्यावर होता.

मी कागदावर बोट ठेवलं. "यंत्र झोपत नाही, आई. तुझा डोळा लागला असेल."

सगळे हसले. तू ट्रे ठेवून आत गेलीस. किल्लारीकडची बातमी तोवर आली नव्हती. दुपारी रेडिओवर माणसं गेल्याचं ऐकलं आणि कागद गुंडाळून ठेवला.

पुढे काही महिन्यांनी आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात भूकंपशास्त्राचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक सापडलं. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक वाक्य लावलं. भूकंपातून दोन लाटा निघतात. पहिली वेगवान आणि बारीक, लांबवर पोचते तेव्हा बरीचशी खालून वर टोचते. दुसरी मागून येते आणि आडवं हलवते. माझा लंबक फक्त आडव्या हालचालीला दाद देणारा. पहिली त्याला कळणारच नव्हती. ती भांड्यांना कळली, तुला कळली. दोन लाटांमधले सेकंद आठांनी गुणले की साधारण तितके किलोमीटर दूर भूकंप झालेला असतो, असंही त्यात होतं.

दुसऱ्या दिवशी तू जपाला बसलीस आणि मी दाराआड स्टॉपवॉच घेऊन उभा. एकशे आठ मणी, दोन मिनिटं पंधरा सेकंद. सलग तीन दिवस मोजलं, तुझी चाल एका सेकंदानेही बदलली नाही. मण्याला सव्वा सेकंद, एकवीस मण्यांना सव्वासव्वीस. आठांनी गुणून दोनशे दहा किलोमीटर. नकाशावर आपल्या शहरापासून पट्टी ठेवली. किल्लारी तिथेच होतं.

तू देवघरात माळ गोमुखीत ठेवत होतीस. चार पावलांचं अंतर. मी सांगायला आलो नाही.

कागदाला फ्रेम करून तो दुकानात लावला. नवा चष्मा घेऊन घरी निघालीस तेव्हा तू दुकानात डोकावलीस, आठवतं? काचेवर बोट टेकवून विचारलंस, "मोठ्या लाटेच्या आधी हे बारीक काय रे?"

"पहिली लाट," मी म्हणालो. "यंत्राने टिपली."

तू नवा चष्मा सारखा करून काचेजवळ वाकलीस. "म्हणजे यंत्र जागं होतं," म्हणालीस, आणि बस कुठून मिळेल ते विचारलंस. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. मीही नाही, तू गेलीस तोवर.

ती बारीक लाट मी काढली, आई. लेखणी तीच, शाई तीच, हात माझा. उद्या मुलीला फोटो काढू देईन, पण आधी तिला तुझ्या माळेचं सांगेन. जमेल असं वाटतं. हे पत्र फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात सारून ठेवतोय.

आणि एक. ती लाट मोठ्या लाटेच्या आधी सव्वासव्वीस मिलिमीटरवर सुरू व्हायला हवी. आज फ्रेम उघडून मोजली, सव्वीसवर आहे. पाव मिलिमीटरची चूक माझ्या हाताची.