छातीएवढं पाणी

१ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.१०
काल कारखान्यातून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं स्टोअरकीपर, एक नटबोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. निरोप समारंभात माझं भाषण छान झालं. शेवटी जरा जास्तच झालं. शाल, नारळ आणि टाळ्या एकदम मिळाल्या की माणूस वाहवत जातो. माईकवर जाहीर करून बसलो की आता आम्ही दोघं नवरा-बायको बोटीत राहणार. फेज वन नाथसागर, फेज टू कोकण किनारा, फेज थ्री श्रीलंकेला वळसा. यूट्यूबवर एक गोरं जोडपं अकरा वर्षं बोटीतच राहतंय. त्यांचे सगळे व्हिडिओ मी पाहिलेत, म्हणजे थिअरी पूर्ण आहे.
पहिल्या रांगेत सीमा बसली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती. बायकांना पाण्याची भीती असतेच. मी सांभाळून घेईन.
निश्चय: रोज बारा सूर्यनमस्कार. पोहण्याची प्रॅक्टिस. डायरी, आणि तीही खरी.

४ फेब्रुवारी
सूर्यनमस्कार उद्यापासून.
सीमाने चक्क होकार दिला. अट एकच. तिचं माहेरचं गाव पिंपळटाकळी नाथसागराच्या पोटात आहे. धरणाचं पाणी आलं तेव्हा ती सात वर्षांची होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावच्या देवीच्या देवळाचं शिखर वर येतं. तिची आई दर अक्षय तृतीयेला काठावरूनच देवीची ओटी भरायची आणि म्हणायची, एकदा पायरीवर जाऊन भरायची हाय. ते राहूनच गेलं. आई गेल्या श्रावणात गेली. सीमा म्हणाली, तुमची श्रीलंका ऱ्हाऊ द्या, मला यंदा तेवढं देवळापर्यंत न्या.
शब्द दिला. श्रीलंकेला निघालेल्या माणसाला देऊळ म्हणजे काय, हातासरशी होईल.

१६ फेब्रुवारी
बोट घेतली. एका बंद पडलेल्या बोटिंग क्लबची, फायबरची. कोपरगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून वर केबिन करून घेतली. दोन खाटा, गॅस, मिक्सर ठेवायला फळी. नाव लाल ऑइलपेंटने: निर्भय.
लाइफ जॅकेट सहा घेतली. दोघांना सहा कशाला, असं सीमाने विचारलं. स्पेअर. स्टोअरकीपरला हा प्रश्न विचारतात का?
पोहण्याची प्रॅक्टिस सुरू केली नाही. स्विमिंग टँकच्या पाण्यात औषध फार असतं, डोळे चुरचुरतात. तशी मला गरजही नाही. मी गोदावरीच्या पुरात दोनदा आरपार पोहून गेलोय, हे मी बघायच्या कार्यक्रमातच सासऱ्यांना सांगितलं होतं.

२ मार्च, दुपारी १
शेवगाव तालुक्यात बॅकवॉटरच्या काठावर बोट ट्रकमधून उतरवली. मदतीला पुंजाराम. इथला जुना मासेमार, स्वतःची होडी आहे, बोलायला फटकळ.
आत पाय ठेवला आणि बोट हलली. हे व्हिडिओत नीट दाखवत नाहीत. बॅलन्ससाठी मी लगेच मधोमध बसलो आणि केबिनचा खांब धरला. पुंजाराम म्हणाला, सायेब, खांब सोडा, उपटंल त्यो. सीमा सरळ पुढच्या टोकाला गेली आणि पाण्यात पाय सोडून बसली. भीतीने माणूस असं काहीही करतो.
छातीत धडधड होती. सकाळी चहा दोनदा झाला होता.

३ मार्च
सुरक्षा नियम नंबर एक केला. लांब बांबू घेऊन त्यावर माझ्या छातीएवढ्या उंचीवर लाल टेप लावला. बांबू तळाला टेकवायचा. पाणी टेपच्या वर गेलं की बोट लगेच मागे. नियम सीमासाठी आहे. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, पण माप माझंच घेतलं, कारण टेप लावताना मीच जवळ होतो.
या नियमाने आम्ही काठापासून साठ पावलांवर मुक्काम केला. चार दोर बाभळीला, दोन नांगर पाण्यात. पुंजारामने विचारलं, बोट हाय का बैल हाय?

९ मार्च, सकाळी ११
बोटीच्या तळाला खालून काहीतरी लागलं. टक्. मग पुन्हा, टक् टक्. माझं अंग गार पडलं. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, हा पाण्याचा मुख्य दोष आहे. मी जॅकेटवर जॅकेट घातलं आणि खाटेवर पाय वर घेऊन बसलो. सीमाने वाकून पाहिलं आणि म्हणाली, मासा हाय.
ती घाबरली असणार, दाखवत नाही एवढंच. तिच्यासाठी बोट आणखी दहा पावलं काठाकडे घेतली.

१२ मार्च
पुण्याहून धनश्रीचा व्हिडिओ कॉल. मुलीला काळजी नको म्हणून सांगितलं की सत्तर किलोमीटर झाले. तिने विचारलं, पप्पा, मागे रोज तीच बाभळ कशी दिसते? मी म्हणालो, या भागात बाभळी एकसारख्या असतात. सीमा तांदूळ निवडत होती.

१८ मार्च, दुपारी ४
सीमा पुंजारामकडून वल्हं मारायला शिकतेय. आज त्याची होडी घेऊन एकटीच आत गेली. पार हिरव्या लुगड्याचा ठिपका होईपर्यंत. हाताला खांब लागेना. पाऊण तासाने परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, हसत होती. मी तिला खूप बोललो. कशाबद्दल, ते आता आठवत नाही.
आठव्या वर्षी चुलत्यांनी पोहायला शिकवायला माझ्या पाठीला भोपळा बांधून विहिरीत टाकलं होतं. भोपळा सुटला. खालून वर बघताना आभाळ गोल दिसत होतं, आणि ते लहान लहान होत गेलं. कुणीतरी केसाला धरून वर काढलं. पुन्हा विहिरीत उतरलो नाही.
याचा आजच्या प्रकाराशी काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

३० मार्च, गुढीपाडवा
आज देवळाच्या दिशेने कूच करण्याचा प्लॅन पक्का होता. पण गुढी उभारायला दुसरी काठी नव्हती, मापाच्या बांबूलाच उभारावी लागली. बांबूशिवाय खोली कशी मोजणार? गुढी उतरवेपर्यंत दिवस गेला. सणापुढे इलाज नाही.
पुंजाराम सांगून गेला की कालव्याला आवर्तन सुटणार हाय, पानी झपाट्यानं उतरंल, बोट आत खोल पान्यात न्या. मला खोल पाण्यात न्यायचा त्याचा डाव मी पहिल्या दिवसापासून ओळखून आहे.

८ एप्रिल, सकाळी ७
जाग आली तीच घसरत. खाट तिरकी, डबे घरंगळतायत, बोट एका कुशीवर. बुडालो, बुडालो म्हणून मी ओरडलो. देवाची आठवण येईल तेवढी नावं घेतली. धनश्रीचं लग्न राहिलं, हा विचार आला. सीमाला हाक मारली, तर तिचं उत्तर बाहेरून आलं, आणि तेही खालून. ती बोटीशेजारी उभी होती. तिच्या चपलासुद्धा ओल्या झालेल्या नव्हत्या.
पाणी आमच्यापासून दहा पावलं लांब गेलंय. निर्भय गाळात बसली आहे. पुंजारामने ढकलून पाहिलं, मग तंबाखू मळत म्हणाला, आता पावसाळ्यातच हालंल ही.
जॅकेट काढलं नाही. पाणी परत येऊ शकतं.

१५ एप्रिल
पाणी हटलेल्या जमिनीत इथले लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. आम्ही थांबलोय ते रान गीताबाईंच्या वहिवाटीचं निघालं. बाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, पाव्हनं, बोट हलवा, न्हाईतर ऱ्हावा मधीच, मी कडंनं काकडी लावते. लावलीसुद्धा. आमच्या एका दोराला त्यांची शेळी बांधलेली असते.
धनश्रीला सांगितलं की बेटावर थांबलोय.

२२ एप्रिल
गीताबाईंनी विनंती केली की तुमी उंचावर बसताच, तर पाखरं तेवढी हाकला. दिवसभर हाकलली. सीमा म्हणाली, बरं झालं, पडून ऱ्हायली असती तर बोट वाया गेली असती.
संध्याकाळी ती काठाशी जाऊन उभी राहिली. शिखरच काय, अख्खं देऊळ वर आलंय. खाली दोन पायऱ्यासुद्धा दिसतात. ती म्हणाली, आईला एवढ्या जवळनं कधी दिसलं न्हाई. मी म्हणालो, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, व्हय.

२९ एप्रिल
उद्या अक्षय तृतीया. पुंजारामच्या होडीतून जायचं ठरलं. तिघांना जागा आहे, मी स्वतः दोनदा विचारून घेतलं. सीमाने ताट भरलं. खण, नारळ, तांदूळ, आणि आईच्या बांगड्यांतल्या दोन.
मी जाणार. जेवण गेलं नाही, पण ते उन्हाने. मी जाणार.

३० एप्रिल, सकाळी ९.४०
जॅकेट घालून काठावर गेलो. सीमा होडीत बसली आणि तिने हात पुढे केला. मी उजवा पाय आत ठेवला. होडी हलली. पायाखालचं सगळं हललं आणि वरचं आभाळ गोल झालं. पाय मागे कधी घेतला ते कळलं नाही. मी म्हणालो की बीपी वाढल्यासारखं वाटतंय. शिवाय बोटीजवळ कुणीतरी थांबायला हवं, शेळी सुटते.
सीमाने हात मागे घेतला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, उनात उभं ऱ्हाऊ नका.

तोच दिवस, ११.१५
केबिनच्या टपावर उभा राहून दुर्बिणीतून पाहिलं. अर्ध्या वाटेवर होडी थांबली. पुंजाराम खाली उतरला.
पाणी त्याच्या गुडघ्याएवढं होतं.
मग सीमा उतरली. पदर खोचला, ताट डोक्यावर घेतलं आणि चालत देवळापर्यंत गेली. पायरीवर बसून ओटी भरली. बराच वेळ डोकं टेकून होती. मग वळून माझ्या दिशेने हात हलवला. मीही हलवला. तिला दिसला की नाही माहीत नाही.

तोच दिवस, दुपारी ४
बोटीच्या पलीकडच्या बाजूला बसून गीताबाईंच्या वरच्या रानातल्या काकड्या निवडत होतो. सीमा धनश्रीशी फोनवर बोलत होती. मी इकडे आहे हे तिला माहीत नव्हतं. ती सांगत होती, अगं, पप्पांनीच नेलं की. मलाच लई भ्या वाटत हुतं. त्यांनी हात धरला, म्हनून गेले.
हातातली काकडी घेऊन मी उठलो.
फोन झाल्यावर समोर गेलो आणि विचारलं, असं का सांगितलंस? तिने काकडी घेतली, पदराला पुसली. म्हणाली, साखरपुड्यालाच सासूबाईंनी मला भोपळ्याचं सांगितलं हुतं. म्हनल्या, त्याला पान्याजवळ एकटं सोडू नको. मग सीमाने विचारलं, मीठ कुठंय?
सदतीस वर्षं.

१ मे, सकाळी ६
स्टोअरच्या रजिस्टरमध्ये चुकीची नोंद खोडायची नसते. लाल शाईने रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी सही करायची. लाल पेन सापडलं. पहिल्या पानापासून सुरुवात केली. जिथे जिथे सीमाची भीती लिहिली होती तिथे रेघ मारली, वर 'मी' लिहिलं आणि सही केली. बांबूच्या टेपपाशी थोडा वेळ अडलो, मग तिथेही केली. पुराच्या गोष्टीवर नुसती रेघ मारली.
मग जॅकेट काढलं. आतला शर्ट घामाने चिंब होता. दोन महिन्यांच्या बोटप्रवासात भिजलो तो एवढाच.