नकाशात नसलेला बांध

प्रिय केतन,

एवढा आरडाओरडा केला, तेव्हा कुठे आज विद्यापीठाने नव्या इमारतींबद्दल आम्हा गावकऱ्यांचं ऐकून घेतलं. स्टेजवर त्यांचा इंजिनीयर म्हणून तू! मी तुला 'सर' म्हटलं, तू मला 'मॅडम'. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली रे.

मी म्हणाले, "इमारती खुशाल उभ्या करा, पण खाडीकडचा जुना बांध तोडू नका. संध्याकाळी बायका तिथे वाऱ्याला बसतात."

आपणही बसायचो, हे काय माईकवर सांगायचं?

तुझे साहेब म्हणाले, "नकाशात बांधच नाही."

तू उठलास. पेन काढलंस आणि नकाशावर बांधाची रेघ ओढलीस, आपण बसायचो त्या वळणासकट.

हे पत्र पाठवणार नाही. सुखात राहा.

अजून त्याच गावातली,
उन्नती