पान एकतीस

२ जून
सोनिया सांगलीहून परत आली. एक बॅग, लॅपटॉप, दंडावर जावयाच्या बोटांचे वळ. म्हणाली, "आबा, प्रोग्रॅमिंग शिकते. नोकरी धरते. त्या घरात परत न्हाई जायची."
म्हटलं, पुस्तक मी निवडणार! सत्तावीस वर्षं कोरेगावात विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतोय. गुरू नाही — पुस्तकं वाचून शिकलो. पुस्तकाची पारख मला आहे.

७ जून
साताऱ्यात पायथनच्या — म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या — पुस्तकासाठी तीन दुकानं पालथी घातली. दुकानदार हसतो — "काका, घ्या कुठलंबी. पायथन सगळीकडं सारखंच!" सारखं कसं? नवशिक्यांसाठीचं, मराठी, २१२ पानी आणलं. सोनिया लगेच घेऊन बसली. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

१० जून
पुस्तक तपासलं. पान ३१ — दोन अधिक तीन गुणिले चार, उत्तर छापलंय वीस. वीस! शाळेतलं पोरही चौदा सांगेल. तिच्या हातातून काढून घेतलं.
"आवं आबा, ती चूक मला—" बोलू दिलं नाही. तारेचा एक वेढा कमी पडला तर मोटार जळते. पाया वाकडा नको.

२४ जून
सांगलीला जाऊन दुसरं आणलं. जावयाच्या गल्लीकडं मान वळवली नाही. आता प्रत्येक उदाहरण आधी मी चालवून बघणार, मगच तिच्या हाती. लॅपटॉप माझ्या दुकानात नेला.

१३ जुलै
पान ५८ वर चूक. हेही बाद. तिसरं मागवलं.

५ ऑगस्ट
सोनियाची आई सुला जेवताना म्हणाली, "पोरगी दिसभर भिंतीकडं बघत बसती. तिचा तो लॅपटॉप तरी द्या परत!"
तिसऱ्या पुस्तकाच्या पान ९४ वर आहे मी. बरोबर येतंय सगळं. आता घाई करून कसं चालेल?

१९ ऑगस्ट
सुलाचा दुकानात फोन — "जावई न्यायला आल्यात." लॅपटॉप काखेत मारून धावलो. सोनिया गाडीत बसलीसुद्धा होती. ओढणीनं दंड झाकलेला.
"हितं बसून काय करू, आबा?"
लॅपटॉप पुढं केला. घेतला नाही.

१ सप्टेंबर
तिसरं पुस्तक संपलं. ३४० पानं. एकही चूक नाही.

२ सप्टेंबर
तिच्या गादीखाली वही सापडली. एकच पान लिहिलेलं —
"पान ३१. पुस्तक चुकलंय. २० नाही, १४. आधी गुणाकार. माझं मला कळलं! आबांना दाखवायचं."
वर तारीख घातलीय. ९ जून.