समासातली ताई

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे प्रत्यक्षात पाचच अंगांचा, उरलेली तीन मनातल्या मनात). तुझा गुडघा काय म्हणतो? भाचीला सांग, मामा धडधाकट आहे आणि वेळेवर जेवतो. (दुसरं खरं नाही, पण सांग.)

लिहायचं निमित्त म्हणजे आयकराचा फॉर्म. यंदा तू तो ‘बारक्या, आता तुझं तू कर’ एवढी चिठ्ठी लावून परत पाठवलास. बासष्टाव्या वर्षी पोरका झालो गं! चार दिवस तो टेबलावर उताणा पडून माझ्याकडे बघत होता. पाचव्या दिवशी मी हिंमत केली, तर पहिल्याच पानावर ‘खालील सूचना पाहा’ आणि खालच्या सूचनेत ‘वर पाहा’. वर-खाली करून मान आखडली. शेवटी शेजारी म्हणाले, वाचनालयात दर शनिवारी फॉर्म भरायला फुकट मदत करतात. सगळे कागद उशीच्या अभ्र्यात भरले (पिशवीची चेन गेली आहे) आणि निघालो. रांगेतल्या एका गृहस्थांनी मला धोबी समजून इस्त्रीचा दर विचारला.

मदतीला बसल्या होत्या भूगोलाच्या एक निवृत्त बाई. आवाज असा, की मी आपोआप हात पुढे केले, छडी खायला. त्यांनी विचारलं, “आधी कोण भरायचं?” म्हटलं, “ताई.” “मग जुन्या प्रती दाखवा.” तू दरवर्षी ‘जपून ठेव’ म्हणून दिलेला गठ्ठा मी इतका जपला होता, की कधी सोडलाच नव्हता. बाईंनी सोडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. ताई, समासात पेन्सिलीने तू हे काय काय लिहून ठेवलंस! ‘औषधाचं म्हणून दिलेलं बिल चपलांचं आहे. बारक्याला वाटतं मला कळत नाही.’ ‘विवाहित की अविवाहित? अजून तेच. यंदाचं स्थळ चांगलं होतं, हा गाढव चष्म्याचा नंबर विचारत बसला.’ बाई हे सगळं वर्गात निबंध वाचावा तशा मोठ्याने वाचत होत्या. मागची रांग पुढे सरकून माझ्याभोवती गोल झाली.

मला मात्र आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. रविवारची दुपार, मेणकापडावर पसरलेले कागद, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. “कागद दे, तोंड उघडू नकोस,” म्हणायचीस. आई पलीकडे बसून शेंगा सोलायची आणि दरवर्षी न चुकता विचारायची, “यात माझं नाव कुठे लिहितात गं?” तू तिला ‘अवलंबून व्यक्ती’चा रकाना दाखवायचीस. “मी याच्यावर अवलंबून? जेवायला कोण वाढतं याला?” ती भडकायची आणि आपण हसायचो.

मग बाईंनी आणखी एक पान उलटलं आणि त्यांचा आवाज खाली आला. हे त्यांनी रांगेला ऐकवलं नाही, पान नुसतं माझ्याकडे वळवलं. ‘अवलंबून व्यक्ती: कोणी नाही. हे बारक्याला विचारायचं नाही. त्याला चहा करायला पाठवलं, तेवढ्यात लिहिलं.’ मला तो चहा आठवतो, ताई. फार गोड झाला म्हणून तू ओरडली होतीस.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि वीस मिनिटांत माझा फॉर्म भरला. मी उठत होतो, तर म्हणाल्या, “गेल्या वर्षी तिनाच्या जागी आठ पडलाय. आणि हा आकडा एक ओळ खाली उतरलाय.” मी तडकलो. “आमची ताई चुकत नाही!” “चूक काढत नाहीये. नीट बघा,” म्हणाल्या. मी बघितलं. पाच वर्षांचे फॉर्म शेजारी शेजारी मांडले. अक्षर दरवर्षी मोठं, दरवर्षी दाबून, आणि शेवटच्या वर्षी चौकटीबाहेर. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं परक्या माणसांना ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणत आलो गं मी.

बाकी सर्व क्षेम. भाचीला आशीर्वाद.

तुझा,
बारक्या

ता.क. फॉर्म दाखल झाला, तेव्हा वरच्या रडगाण्याकडे लक्ष देऊ नकोस.

ता.क. २. दुकानात येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बुधवारची वेळ घेतली आहे. तुझ्यासाठी. मोतीबिंदूच असेल, ते सोपं असतं. सोमवारी न्यायला येतोय. नको म्हणून कळवू नकोस, कळवलंस तरी मी निघालेला असेन.

ता.क. ३. हे पत्र भाचीच तुला वाचून दाखवत असणार. पोरी, इथे जरा थांब आणि आजीसारखं तोंड करून तुझी आई ‘मला काही झालेलं नाही’ म्हणते का, ते बघ. म्हणाली, तर तिची बॅग आजच भर.